दोन घाव वर, एक खाली

"मागील डाव्या बाजूच्या स्प्रिंगच्या पाट्यास आढळलेला तडा हा वाहन दरीत कोसळल्याच्या आघाताने गेला असल्याचे लोहकाम जाणणाऱ्या स्थानिक व्यक्तीने पाहणीअंती सांगितले असून, सदर अपघाताचे कारण मृत चालकाचे मद्यप्राशन हेच होय."

सिमलेडाँडा वॉर्ड कार्यालयाने नेमलेल्या त्रिसदस्यीय समितीचा हा निष्कर्ष. वाक्य एकच आहे आणि व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. त्यातले मद्यप्राशन सिद्ध झाले ते मृताच्या अंगाला आलेल्या वासावरून. वास खरोखरच येत होता. लग्नघरी निघालेले रक्सीचे, म्हणजे गावठी दारूचे, दोन मोठे घडे मागच्या बाकाखाली बांधलेले होते आणि बस सिस्नेखोलाच्या दरीत तीन कोलांट्या घेऊन थांबली तेव्हा त्यांतला थेंबही घड्यात उरला नव्हता. त्यामुळे अकराही मृतांच्या अंगाला तोच वास होता. त्यांत सिर्जना राई नावाची सहा वर्षांची मुलगी होती. समितीचे तर्कशास्त्र शेवटपर्यंत नेले तर तीही प्यायलेली ठरते. इतके लिहिण्याचे धैर्य मात्र समितीला झाले नाही.

अहवालात एके ठिकाणी 'वाहनधारक श्री. डम्बरध्वज कार्की' असा उल्लेख आहे आणि दुसऱ्या ठिकाणी 'समितीचे प्रमुख, वॉर्डाध्यक्ष श्री. डम्बरध्वज कार्की' असा. या दोन सद्गृहस्थांची एकमेकांशी ओळख करून देण्याचे सौजन्य त्या चार पानांत कोणी दाखवलेले नाही.

राहता राहिली ती 'लोहकाम जाणणारी स्थानिक व्यक्ती'. इतर साक्षीदारांना नाव आहे, बापाचे नाव आहे, वय आहे, आणि त्याखाली अंगठा. शेवटच्या पानावर असे चार अंगठे आहेत. पाचवा कोपऱ्यात, थोडा तिरपा, शाई पसरलेला. त्याला नाव नाही.

सुकमाया घतानीने तो कागद इतक्या वेळा वाचला होता की तो घड्यांवर फाटला होता, आणि तिने तो मागून भाताच्या पेजेने चिकटवला होता. आठवीपर्यंत शिकलेल्या बाईला सरकारी भाषेतले असले वाक्य एका वाचनात कळत नाही. पाचव्या वाचनात कळते, आणि दहाव्या वाचनात पाठ होते. मृत चालक मनबीर हा तिचा नवरा. जातीने कामी, म्हणजे लोहार. ज्याच्या हातचे पाणी गावातल्या निम्म्या घरांना चालत नव्हते, त्याच्या हाती रोज सकाळी तीस जीव बिनघोर सोपवले जात. चाकाला विटाळ लागत नसावा.

बस पडली त्याच्या सात-आठ महिने आधी एकदा तो जेवताना म्हणाला होता, "मागचं डावं अंग बसतंय. वळणावर गाडी दरीकडं वाकून बघते."

"मग मालकांना सांगा ना."

"सांगितलं. म्हणाले, पाटा दसैंच्या सणानंतर बदलू. तोवर तात्पुरतं बघून घेतलंय."

"कुणाकडून?"

"घेतलंय बघून. तू ढिंडो वाढ."

एवढेच. हे तिने समितीपुढेही सांगितले होते. कारकुनाने लेखणी उचलली होती, कार्कींकडे पाहिले होते, आणि लेखणीचे टोक तपासून ती पुन्हा खाली ठेवली होती.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिला गॅरेजखालची खोली रिकामी करायला सांगण्यात आले. एक ट्रंक, एक तवा आणि मनबीरचा लोकरी गळपट्टा घेऊन ती चढण चढून बापाच्या भट्टीवर आली.

हर्कमान घतानीला मुलगा नव्हता. थोरली मुलगी चार डोंगरांपलीकडे दिलेली. ही धाकटी सुकमाया; घरात तिला माइली म्हणत. सुरुवातीला ती नुसता भाता ओढायची. बाईमाणसाने भाता ओढावा, ऐरणीवर घाव घालू नये, ही रीत. पण म्हाताऱ्याच्या डाव्या खांद्यातून हात वर जाईना, तेव्हा जेठ महिन्यात त्याने हातोड्याचा दांडा तासून बारीक केला आणि काही न बोलता तिच्यापुढे ठेवला. गाव हसले. चौतारीच्या पारावर कोणीतरी म्हणाले, कामिणीच्या हातचा कोयता गवताला विचारून कापेल.

पहिले दोन आठवडे त्याने तिला घाव घालू दिलाच नाही. तो लोखंड निवडायला शिकवत होता. एके दिवशी त्याने अंगणात पाच तुकडे मांडले: घरबांधणीची सळई, पुलाच्या दोराची एक तार, झिजलेली कानस, डोझरचा दात आणि जीपच्या पाट्याचा हातभर तुकडा.

"यातलं सुरीचं कुठलं?"

तिने सळई उचलली. नवीकोरी, जाड, जड होती.

"छान," हर्कमान म्हणाला. "सुरी कर आणि लोण्याला घाबरव."

मग त्याने फिरत्या सहाणेला सळई लावली. ठिणग्या लांब, पिवळट, सरळ गेल्या आणि विझल्या. पाटा लावला तेव्हा ठिणग्या आखूड झाल्या आणि टोकाला फुलबाजीसारख्या फुटल्या. "फुटते ती पोलादाची. सळईत जीव कमी, तिला पाणी दिलं तरी चढत नाही." दोन्हींचे बोटभर तुकडे लाल करून त्याने किटलीच्या चोचीतून त्यांवर पाणी सोडले आणि एकेक तुकडा सांडशीत धरून वाकवला. सळई वाकली. पाटा काडकन मोडला. मोडलेल्या तोंडाशी राखेसारखा बारीक, करडा कण होता. "खडीसाखरेसारखा जाडा कण दिसला तर फार तापवलंस. राखेसारखा दिसला तर देवाचे आभार मान आणि कामाला लाग."

मग ऐकायचे. पाट्याला दोरी बांधून तो छपराच्या वाशाला टांगायचा आणि हातोडीने टिचकी मारायचा. अखंड पाटा देवळातल्या घंटेसारखा लांबवर गात जाई. आत चीर असलेला एकदा 'थद्' म्हणून गप्प बसे.

"डोळे मीट," तो म्हणे. "पोलाद बघायचं नसतं, ऐकायचं असतं. डोळ्याला चीर रंगाखाली दिसत नाही. कानाला रंग नसतो."

आणि सांध्याचे. गावातल्या बत्तीस घरांचे कोयते, कुदळी, नांगराचे फाळ त्याच्याकडे सांधायला येत. सुगीला प्रत्येक घर त्या बदल्यात धान्य देई. दोन तोंडे तिरपी तासायची, कळक छाटल्यासारखी, एकावर एक बसवायची, पांढरी होईतो तापवून टाकणखार टाकायचा आणि घणाखाली एकजीव करायची. सांधा उतरला की छिन्नीने त्याच्या कडेला बारीक खूण: दोन घाव वर, एक खाली.

"ही कशाला, बा?"

"सांधलेलं लोखंड बाहेरून अखंड दिसतं. म्हणजे खोटं बोलतं. पुढं कुणाच्या हातात गेलं, कुणी त्यावर भरवसा टाकला, तर त्याला कळायला हवं की हे इथं एकदा तुटलं होतं. माझ्या बापाची हीच खूण, त्याच्या बापाचीही हीच. सांधा लपवणारा लोहार आणि विहिरीवर गवत पसरणारा माणूस, दोघं एकच."

ती खूण तिने कोवळ्या लोखंडावर शंभरदा काढली. दोन वर, एक खाली.

पाण्याच्या नळावर मात्र कोणतीच विद्या कामी येत नव्हती. तिथे सिर्जनाची आई मनसरा येई. मनसरा तिला पाहून घागर उचलून बाजूला धरी, जणू सुकमायाच्या सावलीलाही रक्सीचा वास होता.

"मनसरादिदी, गाडीचं डावं अंग बसत होतं. ते मला म्हणाले होते."

"सगळ्या दारूड्यांच्या बायका असंच म्हणतात. कुणाची गाडी बसते, कुणाचा रस्ता वाकडा असतो." मनसराने नळाखाली घागर सरकवली. "माझी पोर पुढच्या बाकावर बसायचा हट्ट करत होती. का, तर मनबीरमामा हॉर्न वाजवू देतो. मामा!" असे म्हणून ती थुंकली. बेतानेच, नळापासून लांब. पाणी सगळ्यांचे होते.

सुकमायाला दुसरे काही नको होते. खोली नको होती, न्याय हा शब्दही तिला फार मोठा वाटे. मनसराने एकदा, एकदाच, न थुंकता त्याचे नाव घ्यावे, एवढेच तिला हवे होते.

असोज, म्हणजे आश्विन, उजाडला. ढग दरीतून वर यायचे थांबले, नाचणीची कणसे तांबूस झाली, दसैं, म्हणजे दसरा, जवळ आला म्हणून घरोघरी देवापुढे जव पेरले गेले. नवमीला देवीच्या ठाण्यावर बोकड पडतो तो त्या वर्षीच्या नव्या खुकुरीने. लोखंड यजमानाने द्यायचे, पाते कामीने करायचे. यजमानाचे लोखंड परत करायचे नाही. ते परत करणे म्हणजे त्याच्या घराला अशुभ म्हणणे. पाते गाभाऱ्यात जाते, करणारा पायऱ्यांखाली उभा राहतो. मान एका घावात वेगळी झाली तर श्रेय देवीचे. नाही झाली तर दोष कामीचा. इतकी नि:संदिग्ध विभागणी फार थोड्या शास्त्रांत आढळते.

यंदा यजमानपण कार्कींकडे होते, आणि हर्कमानने ठरवले होते की पाते माइली करील. ते तिचे पहिले मोठे पाते. ते उतरले तर बत्तीस घरे तिच्या हातचे स्वीकारतील आणि त्याच्यामागे भट्टी विझणार नाही.

नवमीला सहा दिवस उरले असताना कार्कींचा माणूस नरप्रसाद आला. त्याने खांद्यावरचे लोखंड अंगणाच्या कडेला टाकले. हातात दिले नाही. शेणमातीने माखलेला, हिरव्या रंगाचे पोपडे सुटलेला, दोन हात लांब पाटा होता.

"घे रे कामी, मालकांचं लोखंड. आणि ऐक, मागच्या सालासारखं नको. दोन घाव लागले होते, सगळ्या वर्षाची माती झाली."

"मागच्या सालचं लोखंड सळईचं दिलं होतं, हजूर," हर्कमान म्हणाला.

"लोखंडाला नावं ठेवायची नाहीत. गाणाऱ्याला गाता येईना आणि म्हणे अंगण वाकडं."

सुकमायाने विचारले, "हे कुठल्या गाडीचं, हजूर?"

"कुठल्या म्हणजे? मालकांचं." मग नरप्रसादलाच ते अपुरे वाटले असावे. "त्या बसचंच असणार. आमच्याकडं दुसरी गाडी होती कुठं? बाकी भंगार गेलं, हे गोठ्याच्या नाल्यावर टाकलं होतं. गाई यावरून जायच्या."

सुकमायाचा हात दोरीवर थांबला. मग तिने दोरी बांधली, पाटा वाशाला टांगला आणि हातोडीने टिचकी मारली.

थद्.

तिने दुसऱ्या बाजूला मारली. थद्. टोकाशी मारली. तोच बसका, गिळलेला आवाज. मातीच्या मडक्यालाही याहून गळा असतो.

"बा, आवाज बसका येतोय."

हर्कमान पुढे आला. तिच्या हातून हातोडी घेऊन त्याने एकदाच टिचकी मारली. तो पाट्याकडे पाहत नव्हता, नरप्रसादकडे पाहत होता.

"वाजतंय की."

"नाही बा. आत कुठंतरी..."

"चार महिने झाले हातोडा धरून, आणि मला ऐकायला शिकवतेस?"

नरप्रसाद खो-खो हसला. "कामिणीचे कान तिखट दिसतायत! म्हाताऱ्या, तुझे शाबूत आहेत ना?"

तिच्या तोंडावर कोणी गार पाणी मारावे तसे झाले. पन्नास वर्षे घणाच्या आवाजात बसलेला माणूस. गेल्या काही महिन्यांत कितीदा मागून हाक मारली तर त्याने मान वळवली नव्हती; कितीदा जेवताना विचारलेल्याला उत्तर दिले नव्हते. तिला वाटले होते, जावयाच्या दु:खाने अबोल झाला. तो बहिरा झाला होता. आणि कान गेलेल्या लोहाराकडे नांगराचा फाळ कोण आणील? बापाची लाज अंगणात अशी उघडी पडलेली, आणि समोर नरप्रसाद दात काढून उभा.

"माझंच चुकलं," ती खाली पाहत म्हणाली. "दोरी आखूड झाली, म्हणून नीट वाजलं नाही."

आयुष्यात लोखंडाबद्दल ती पहिल्यांदा खोटे बोलली. त्याच क्षणी तिने मनाशी ठरवले की यापुढे कान आपले आणि नाव त्याचे. पात्याचे काय करायचे ते नंतर पाहता येईल. चीर सापडली तर तेवढा भाग छाटून उरलेल्यातून खुकुरी निघेल.

नरप्रसाद गेला. हर्कमानने डोको, कोळशाची रिकामी टोपली, पाठीवर घेतली, तिचा पट्टा कपाळावर चढवला.

"कोळसा आणतो. तू याला हात लावू नकोस. आलो की मीच लाल करतो आणि राखेत पुरतो. मऊ होईल."

"घासून ठेवते ना तोवर."

"घासायचं नाही म्हटलं ना!" एवढ्या मोठ्याने तो तिच्यावर लहानपणीही ओरडला नव्हता. मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्या गाडीचं आहे. तुला त्रास नको, म्हणून."

तो रान उतरून दिसेनासा झाला. सुकमायाने पाटा वाशावरून सोडवून ऐरणीवर ठेवला आणि त्यासमोर ती उकिडवी बसली. त्याने नको म्हटले होते खरे. पण त्यानेच तिला शिकवले होते की घाणीसकट लोखंड भट्टीत घालणारा लोहार स्वतःच्या डोळ्यांत राख घालतो. आणि मनबीरचे अंग तिला धुऊ दिले नव्हते. पंचनाम्याच्या चादरीत गुंडाळलेले ते तसेच घाटावर गेले. हे तरी धुवावे.

तिने पेंढ्याचा बोळा आणि ओली राख घेतली. शेण सुटले, माती सुटली, हिरवा रंग खरवडीने पोपडा पोपडा करून काढला. खाली गंज होता, तांबडा, जाड. तो विटेच्या तुकड्याने उतरवला. मग कानस. कडक पाट्यावर कानस घसरते, दात लागत नाहीत, नुसते खर्र-खर्र होते आणि मनगटात कळ येते. ती टोकापासून बोटबोट पुढे सरकत होती. पाठीवर ऊन तापले होते. बाहीने कपाळ पुसले तर गंजाचा पट्टा कपाळावर उमटला.

टोकापासून दीड वीत आत कानस अडली. घसरेना, चावू लागली. तिथे लोखंड मऊ होते.

तिने थुंकी लावून बोटाने पुसले. केसासारखी काळी रेघ, आडवी नव्हे, तिरपी. पाट्याच्या एका अंगाने वर चढून दुसऱ्या अंगाला उतरलेली. तिने गवताची ताठ काडी रेघेत घातली. काडी आत गेली आणि काळी, जुन्या ग्रीसने चिकट झालेली निघाली.

पाटा आघाताने तुटतो तेव्हा आडवा तुटतो, ओबडधोबड. कळक छाटल्यासारखा तिरपा तो कधी तुटत नाही. हा तडा नव्हता. हा सांधा होता, आणि तो दोन तृतीयांश सुटलेला होता. कोसळणारी बस कोसळता कोसळता आपला पाटा काढून, तापवून, टाकणखार घालून सांधून घेत नाही. आणि भंगारात पडलेल्या गाडीचा पाटा कोणी सांधत नाही. म्हणजे पाटा आधी तुटला होता, बस धावत होती तेव्हा. म्हणजे मालकांना ठाऊक होते. म्हणजे तो जेवताना बोलला ते खरे होते. 'तात्पुरतं बघून घेतलंय.' हे ते तात्पुरते. चार पानी अहवालाला जे दिसले नाही, ते अध्यक्षांनी स्वतः आपल्या माणसाच्या खांद्यावरून तिच्या दारात पाठवले होते. त्यांना वाचता येत होते, फक्त लोखंड वाचता येत नव्हते.

ती उठली. तिला हसू येत होते, आणि ते आवरण्यासाठी तिने पदर तोंडात धरला. कुंपणाखालच्या वाटेने गवताचा भारा चालला होता. भाऱ्याखाली मनसरा होती.

"मनसरादिदी! ओ दिदी! वर या!"

भारा थांबला. "काय गं?"

"या ना. एकदा बघून जा. तुम्हाला दाखवायचंय. तुमच्या सिर्जनाची शपथ, या."

त्या नावाने मनसराचा चेहरा आवळला. पण ती आली. कुंपणाबाहेर भारा टेकवून उभी राहिली, आत पाऊल टाकले नाही. "बोल लवकर, गाय वाट बघतेय."

"थांबा, नीट दिसेल असं करते. एवढीच कड राहिलीय."

सुकमाया पाट्याशी धावली. सांध्याची रेघ कडेला जिथे उतरत होती तिथे बोटभर गंज अजून होता. तो काढला की रेघ या अंगापासून त्या अंगापर्यंत उघडी दिसेल, लोहकाम न जाणणाऱ्या माणसालाही. तिने दोन हातांनी कानस चालवली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा गंज भुग्यासारखा उडाला.

कडेला तीन बारीक घाव होते. दोन वर, एक खाली.

तिने अंगठ्याने पुसले. पुन्हा पुसले. घाव पुसले जात नसतात. म्हणून तर ते घालतात.

"काय दाखवणार होतीस?" मनसराने विचारले.

भट्टी थंड होती. दूर खाली कोणाच्या तरी अंगणात दसैंचा झोपाळा बांधायला बांबू तोडत होते, त्याचे टोले उशिराने वर येत होते. सुकमाया पाट्याला पाठ करून उभी राहिली. दोन्ही हात मागे, तळवा त्या घावांवर दाबलेला.

"काही नाही, दिदी."

"काही नाही म्हणजे? माझ्या पोरीची शपथ घालून वर चढवलंस!"

"कोयता... कोयत्याला धार लावायची असेल तर आणा, म्हणत होते. सणाच्या आधी."

मनसराने वाकून भारा उचलला. "नवऱ्यासारखीच आहेस," ती म्हणाली. "तोही शेवटपर्यंत शुद्धीत नव्हता." या वेळी ती थुंकलीसुद्धा नाही.

हर्कमान आला तेव्हा ऊन भिंतीवर चढले होते. डोकोत कोळसा काठोकाठ होता. त्याने ऐरणीकडे पाहिले. पाटा ऐरणीवर होता आणि कडेचा दोन बोटे भाग घासून आरशासारखा लखलखत होता. तो डोको उतरवायचे विसरला. पट्टा कपाळात रुतलेला, मान पुढे काढलेली, तसाच उभा राहिला.

सुकमाया त्याच्याकडे पाठ करून विझलेल्या भट्टीपुढे बसली होती. तिने वळून पाहिले नाही. ओठ दिसू नयेत इतकी मान खाली घालून, भात्याच्या श्वासाहून हलक्या आवाजात तिने विचारले,

"बा, सांधा कुणाचा?"

ऐकू गेले नसते तर बरे झाले असते. त्या एका क्षणात तिने सगळ्या देवांकडे तेवढेच मागितले: तो बहिरा असू दे.

"माझा," हर्कमान म्हणाला.

कोळशाचा एक तुकडा डोकोतून निसटून फरशीवर पडला. तिने ट्रंकेतून पेजेने चिकटवलेला तो कागद काढला, शेवटचे पान वर घेतले आणि कोपऱ्यातल्या बिननावाच्या अंगठ्यावर बोट ठेवून त्याच्यासमोर धरले. हर्कमानने डोळे मिटले नाहीत. त्याने आपला उजवा अंगठा, पन्नास वर्षांच्या चटक्यांनी रेषा अर्ध्या पुसलेला, त्या ठशाशेजारी आणून ठेवला.

तिने पान उलटे केले. मागची बाजू कोरी होती. लाकडावर खुणा करायची पेन्सिल तिने उचलली आणि म्हणाली, "बोला. तुम्ही बोलाल तसंच लिहीन."

नवमीचे पाते तिने जीपच्या पाट्याचे केले आणि बोकडाची मान एका घावात वेगळी झाली; श्रेय, ठरल्याप्रमाणे, देवीला गेले. बसचा पाटा भट्टीत गेला नाही. तो आणि तो कागद तिच्या ट्रंकेत आहेत. मनसराच्या दारापर्यंत ती दोनदा जाऊन परत आली आहे. कागदावर, तिच्या आठवीच्या गोल अक्षरात, शब्दाला शब्द, असे आहे:

"मी हर्कमान घतानी. नाव आधी घाल, मागच्या वेळी त्यांनी घातलं नव्हतं. सांधा माझा आहे. पाटा मनबीरनं खांद्यावर आणला होता, मालकांचा निरोप होता, यजमानाचं लोखंड, नाही म्हणता येत नाही. मी त्याला म्हटलं, हा सांधा रिकामी गाडी ओढेल, माणसं नाही ओढणार. तो म्हणाला, बा, तुम्ही मालकांना सांगा, माझं ऐकत नाहीत. मी सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. सुगी जवळ आली होती. गाडी पडल्यावर त्यांनी मला खाली नेलं, पाटा दाखवला, म्हणाले, पडल्यानंच गेला ना रे? माझी खूण चिखलाखाली होती. मी हो म्हणालो. तो प्यायलेला नव्हता, आदल्या रात्री माझ्याकडंच जेवला, पाणी पिऊन झोपला. मी तिथंही टिचकी मारून बघितली होती. आवाज मला ऐकू आला होता, पोरी. तेव्हाही आला होता आणि आज सकाळीही आला."